मुलाची फिट आणि कीटोजेनिक आहार: घरच्या घरी कसा सांभाळायचा

मुलाला फिट येते, दोन-तीन औषधं होऊन गेली, डोस वाढवून झाले आणि तरी आकडी थांबत नाही, अशा टप्प्यावर डॉक्टर कीटोजेनिक आहाराचं, म्हणजे भरपूर चरबी आणि अगदी थोडी कर्बोदकं असलेल्या जेवणाचं, नाव काढतात. तिथून घरी आलेल्या आईबाबांसाठी हा लेख आहे. आमच्या लेकीचा आहार मी स्वतः रोज मोजून केला आहे. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ज्या गोष्टी ओपीडीतल्या घाईत सांगायच्या राहून जातात, त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की हा आहार म्हणजे औषध आहे. त्याला डोस असतो, दुष्परिणाम असतात, तो चुकला तर झटका येऊ शकतो आणि तो एकदम बंद करता येत नाही. वजन कमी करण्यासाठी मोठी माणसं जो कीटो करतात, त्याच्याशी याची गल्लत करू नका. व्हिडिओ बघून, मनाने पोळी-भात बंद करून हा सुरू करणं मुलासाठी धोक्याचं आहे. बाल-न्यूरोलॉजिस्ट आणि या आहाराचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ, ही दोन माणसं हाताशी असल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नका.

हा आहार नेमका कोणासाठी

योग्य निवडलेली, योग्य डोसात दिलेली दोन औषधं वापरूनही झटके थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा वेळी तिसरं, चौथं औषध लागू पडून झटके पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते आणि आहाराचा विचार तिथेच सुरू व्हायला हवा. दुर्दैवाने आपल्याकडे तो फार उशिरा होतो, सगळं करून थकल्यावर. काही आजारांत मात्र तो लवकर सुरू करण्याकडेच तज्ज्ञांचा कल असतो: औषधांनी न थांबलेले तान्ह्या बाळांचे इन्फंटाइल स्पाझम्स, ड्राव्हे सिंड्रोम, डूस सिंड्रोम, ट्युबरस स्क्लेरोसिस. ग्लुट-1 ची कमतरता असलेल्या मुलांत रक्तातली साखर मेंदूपर्यंत नीट पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी हा आहार पहिल्या क्रमांकाचा उपचार आहे, कारण साखरेऐवजी मेंदूला कीटोन हे चरबीपासून शरीरात तयार होणारं दुसरं इंधन मिळतं.

कल्पना नवी नाही. उपाशी राहिल्यावर झटके कमी होतात हे जुनं निरीक्षण होतं. उपास न करता शरीरात तीच अवस्था आणायची म्हणून 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी भरपूर चरबी आणि अगदी थोडी कर्बोदकं असलेला आहार सुचवला. पुढे नवी औषधं आली आणि तो मागे पडला, 1990 च्या दशकात परत आला. लंडनमध्ये 145 मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहारावरच्या 38 टक्के मुलांचे झटके तीन महिन्यांत निम्म्याहून कमी झाले, आहार न घेतलेल्या मुलांत हे प्रमाण 6 टक्के होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 102 भारतीय मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराची, म्हणजे याच आहाराच्या थोड्या सैल प्रकाराची, चाचणी केली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे आकडे आहारावरच्या मुलांत 52 आणि आहार न घेतलेल्या मुलांत साडेअकरा टक्के असे आहेत. आपल्या घरच्या जेवणावर वाढलेल्या मुलांतही हे जमतं, हे त्यातून दिसलं.

म्हणजे प्रत्येक मुलाला गुण येतो असं नाही. काहींचे झटके पूर्ण थांबतात, बऱ्याच जणांचे कमी होतात, काहींना काहीच फरक पडत नाही. म्हणून किमान तीन महिने नीट करून बघायचं आणि मग डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं. तीन महिन्यांत काही फायदा दिसला नाही तर थांबण्यात कमीपणा नाही.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या

या तपासण्या टाळू नका, खर्चाच्या असल्या तरी. काही मुलांच्या शरीरात चरबी जाळून ऊर्जा काढणारी यंत्रणाच जन्मतः अधू असते: कार्निटीनची (चरबी जाळायला लागणाऱ्या घटकाची) मूळ कमतरता, फॅटी ॲसिडच्या विघटनातले दोष. पायरुवेट कार्बोक्सिलेजची कमतरता आणि पोर्फिरिया या आजारांतही हा आहार चालत नाही. अशा मुलाला हा आहार दिला तर जिवावर बेतू शकतं. ते शोधण्यासाठी रक्ताची टीएमएस आणि लघवीची जीसीएमएस तपासणी सांगतात. याशिवाय लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लघवीतलं कॅल्शियम बघतात. घरात कोणाला मुतखडा झालेला असेल तर ते आपणहून सांगा, मग सोनोग्राफीही करतात.

याच काळात घरी एक काम करा. निदान दोन-तीन आठवडे झटक्यांची वही ठेवा: तारीख, वेळ, झटका कसा होता, किती वेळ चालला. आहार सुरू होण्याआधीची ही वही नसेल तर नंतर 'फरक पडला का' या प्रश्नाचं उत्तर घरातला प्रत्येक जण वेगळं देतो.

कोणता प्रकार निवडायचा

हे डॉक्टर ठरवतात, पण तुमच्या घरची परिस्थिती तुम्हीच त्यांना सांगायची आहे. पारंपरिक कीटोजेनिक आहारात प्रत्येक घटक ग्रॅममध्ये मोजतात. तान्ह्या बाळांसाठी, नळीने अन्न घेणाऱ्या मुलांसाठी आणि ग्लुट-1 साठी शक्यतो हाच निवडतात. सुधारित ॲटकिन्स आहारात फक्त कर्बोदकं मोजायची असतात, साधारण दिवसाला 10 ते 20 ग्रॅम. प्रथिनांवर मोजमापाचं बंधन नसतं आणि तूप-तेल आग्रहाने वाढायचं असतं. मोठ्या मुलांना, किशोरांना, आणि आईबाबा दोघेही कामावर जाणाऱ्या घरांना हा झेपतो. तिसरा, कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा आहार आणखी सैल आहे. त्यात दिवसाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं चालतात, पण ती हळूहळू पचणारीच हवीत.

आजी-आजोबांना वजनकाट्याचे आकडे दिसत नाहीत, दुपारी मूल पाळणाघरात असतं, घर शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. या गोष्टी संकोच न करता सांगा. कागदावर उत्तम असलेला पण तुमच्या घरात न टिकणारा प्रकार निवडण्यात काहीच अर्थ नाही.

गुणोत्तराचं गणित

पारंपरिक आहारात 4:1 किंवा 3:1 असं गुणोत्तर लिहून मिळतं. 4:1 म्हणजे 4 ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून 1 ग्रॅम. हे गणित तुम्हाला स्वतःला कळलंच पाहिजे, कारण रात्री नऊ वाजता पनीर संपलेलं असताना आहारतज्ज्ञ फोन उचलतीलच असं नाही.

एक ग्रॅम चरबीतून 9 कॅलरी मिळतात, प्रथिनं किंवा कर्बोदकांतून 4. म्हणजे 4:1 चा एक घटक 36 अधिक 4, एकूण 40 कॅलरींचा. समजा मुलाला दिवसाला 1000 कॅलरी ठरवून दिल्या आहेत. हजार भागिले चाळीस, पंचवीस घटक. म्हणून दिवसभरात 100 ग्रॅम चरबी, आणि प्रथिनं व कर्बोदकं मिळून 25 ग्रॅम. वाढीसाठी प्रथिनं 15 ग्रॅम ठरली, तर कर्बोदकांसाठी उरतात फक्त 10 ग्रॅम. हे सगळं चार समान जेवणांत वाटायचं. प्रत्येक जेवणात 25 ग्रॅम चरबी आणि बाकी सव्वासहा ग्रॅम.

हे दहा ग्रॅम किती कमी आहेत ते बघा. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे या मुलाचा दोन दिवसांचा वाटा. चमचाभर साखर म्हणजे अर्धा दिवस. एक शहाळं प्यायलं तर जवळजवळ पूर्ण दिवस. म्हणूनच 'एवढ्याशाने काय होतंय' हे वाक्य या घरात चालत नाही.

एका जेवणाचा नमुना देते, फक्त गणित समजावं म्हणून. तुमच्या मुलाचे आकडे वेगळे असतील. फेटलेलं अंडं 25 ग्रॅम, पालक 30 ग्रॅम, टोमॅटो 15 ग्रॅम, कांदा 10 ग्रॅम, आणि तूप व खोबरेल तेल मिळून 22 ग्रॅम. यातून प्रथिनं साधारण 4, कर्बोदकं 2 आणि चरबी साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास येते. आता 22 ग्रॅम तूप भुर्जीत घातलं तर ती तुपात तरंगते आणि मूल तोंड फिरवतं. बारा ग्रॅम भुर्जीत घाला, पालक बाजूला काढून त्याचं घट्ट सूप करा आणि उरलेले दहा ग्रॅम त्यात मिक्सरमधून फिरवा. गरम सुपात तूप एकजीव होतं आणि पहिल्या घोटात जाणवतही नाही.

स्वयंपाकघर लावून घेणं

एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा घ्या, शून्य करण्याचं बटण असलेला. जमलं तर दशांश ग्रॅम दाखवणारा. जास्तीचे सेल घरात ठेवा. चमचा-वाटीचं माप विसरा, कारण थंडीत थिजलेलं खोबरेल आणि उन्हाळ्यातलं पातळ खोबरेल चमच्यात सारखं बसत नाही, काट्यावर मात्र ग्रॅम तो ग्रॅम. वजन कच्चं घ्यायचं की शिजवलेलं, हे आहारतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर चिकटवा.

आपल्याकडच्या घरांत एक अडचण नेहमी येते, ती म्हणजे घरची साय, घरचं लोणी, घरचं पनीर. चवीला ते कितीही सरस असलं तरी त्यात चरबी किती हे कोणीच सांगू शकत नाही. म्हशीचं दूध बदललं की सायही बदलते. म्हणून गणितात धरायला लेबल असलेलं क्रीम, बटर, पनीर वापरा आणि ब्रँड सारखा बदलू नका. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा 25 टक्के चरबी असते, परदेशी पाककृतींतल्या दाट क्रीममध्ये त्याहून पुष्कळ जास्त. तिकडची पाककृती जशीच्या तशी उतरवली तर गुणोत्तर कोसळतं. कढवलेलं साजूक तूप मात्र घरचं चालतं, पाणी उडालेलं असतं आणि ते जवळपास पूर्ण चरबीच असतं.

जे मोजलं ते सगळं पोटात गेलं पाहिजे. तूप वाटीला, पातेल्याला, चमच्याला चिकटून राहतं आणि चार-पाच ग्रॅम तिथेच जातात. रबरी स्पॅच्युलाने भांडं निपटून घ्या. शेवटी मोजलेल्या काकडीचा तुकडा वाटीत फिरवून मुलाला द्या. आमच्या लेकीला वाटी अशी पुसून चकचकीत करण्याचाच नाद लागला होता, आणि मला त्या चकचकीत वाटीइतका आनंद दुसऱ्या कशाने होत नसे.

काय शिजवायचं? कोकणात, गोव्यात असाल तर अर्धं काम सोपं आहे: ओलं खोबरं, नारळाचं दूध, खोबरेल, बांगडा, तारली. हे मासे मुळातच तेलकट, थोडे मोजून खोबरेलात परतले की झालं. शाकाहारी घरात पनीर, क्रीम, बदाम, अक्रोड, खोबरं, जवस यावर भिस्त ठेवावी लागते. भाज्यांत काकडी, पालक, दुधी, दोडका, कोबी, फ्लॉवर, मुळा. बटाटा, रताळं, बीट, मटार, मका नाहीत. डाळी-उसळी जवळजवळ नाहीतच, त्या प्रथिनांसाठी चांगल्या असल्या तरी कर्बोदकांनी भरलेल्या असतात. दूधही मोजूनच, कारण 100 मिलीमध्ये साडेचार-पाच ग्रॅम दुधातली साखर असते.

भाकरीची आठवण सगळ्यांनाच येते. बदामाची पूड, थोडी जवसाची पूड, इसबगोल, मीठ आणि गरम पाणी घालून मळा, प्लास्टिकच्या कागदावर थापा, मंद आचेवर भाजा. ज्वारीच्या भाकरीची चव येत नाही, पण ताटात काहीतरी गोल, तुकडा मोडून खाण्यासारखं येतं आणि लहान मुलाला तेच हवं असतं. फ्लॉवर किसून तुपात परतला की भाताची जागा भरून निघते. लपलेल्या पिठांवर लक्ष ठेवा. बाजारच्या बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं, सांबार मसाल्यात डाळी असतात. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या पुडीत माल्टोडेक्स्ट्रिन हे कर्बोदक असू शकतं. गोडीसाठी आहारतज्ज्ञांनी सांगितलेले थेंबच वापरा.

पहिले दिवस

सुरुवात बऱ्याच ठिकाणी तीन-पाच दिवस दवाखान्यात ठेवून करतात. पूर्वी मुलाला उपाशी ठेवून सुरू करायचे, आता त्याची गरज नसते. गुणोत्तर 1:1, 2:1 असं चढवत नेतात. या दिवसांत साखर घसरणं, उलट्या, सुस्ती, खाण्यावर राग हे होऊ शकतं. दवाखान्यात आहात तोवर एक तरी पूर्ण जेवण तुम्ही स्वतः मोजून, आहारतज्ज्ञांसमोर बनवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तेच शिकवा. आई आजारी पडली म्हणून आहार थांबला, असं व्हायला नको.

झटक्यांची औषधं चालूच राहतात. आहार सुरू झाला म्हणून एकही गोळी मनाने कमी करू नका. एकदम औषध तोडलं तर न थांबणारा झटका येऊ शकतो. गुण आला तर डॉक्टरच नंतर एकेक औषध उतरवतात.

औषधांमधली साखर

मुलांची बहुतेक सिरपं गोड असतात: ताप, खोकला, अँटिबायोटिक, लोह, जीवनसत्त्वं, आणि फिटचं सिरपसुद्धा. दिवसाला दहा ग्रॅमच्या हिशेबात ही गोडी सगळं गणित बिघडवते. आहार सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून शक्य ती औषधं गोळीच्या रूपात बदलून घ्या. कोणती गोळी कुटून देता येते हे मात्र विचारूनच, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर एकदम डोस बसतो. गोळी क्रीममध्ये कालवून दिली की सहज जाते. फिटच्या औषधांपैकी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर रक्तातली आम्लता आणि मुतखड्याचा धोका वाढतो, व्हॅल्प्रोएट असेल तर कार्निटीनकडे लक्ष ठेवावं लागतं. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, तरी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जाताना आपण सांगायचं.

साखर नसलेलं मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रोज द्यावंच लागतं. नुसत्या या जेवणातून ते पुरेसं मिळत नाही. मूल टूथपेस्ट गिळत असेल तर ट्यूबवरचे घटकही वाचा.

कीटोन मोजणं आणि वही

लघवीची पट्टी दिवसातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी. सकाळी कीटोन कमी आणि संध्याकाळी जास्त दिसणं नेहमीचं आहे, म्हणून वेळ बदलू नका. बाटलीवर लिहिलेले सेकंद मोजून मगच रंग जुळवा, उशीर झाला की रंग गडद होत जातो. पावसाळ्यात झाकण लगेच घट्ट लावा, पट्ट्यांना ओल लागली की रीडिंगवर भरवसा राहत नाही. रक्तातले कीटोन बोटाला टोचून मोजले तर आकडा जास्त खात्रीचा मिळतो, पण पट्ट्या महाग पडतात. रोज लघवी आणि शंका आली तर रक्त, असं बऱ्याच घरांत करतात.

वहीत एका पानावर एक दिवस: चार जेवणं आणि त्यात काय उरलं, कीटोन, झटके, शौच, झोप, औषधं, वजन आठवड्यातून एकदा. कीटोन अचानक उतरले तर वहीच गुन्हेगार शोधून देते: नवं क्रीम, नवं सिरप, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलं बिस्कीट.

आजारपण आणि धोक्याची लक्षणं

हा भाग छापून फ्रिजवर लावा आणि तुमच्या डॉक्टरांकडून त्यांच्या सूचना त्यावर लिहून घ्या.

कीटोन प्रमाणाबाहेर वाढले तर मूल जोरजोरात, खोल श्वास घेतं, चेहरा लाल होतो, नाडी जलद चालते, चिडचिड किंवा ग्लानी येते, उलट्या होतात. साखर घसरली तर घाम, थरथर, फिकटपणा, सुस्ती. मूल नीट जागं असेल आणि गिळत असेल तर अशा वेळी साधारण 30 मिली संत्र्याचा रस द्यायला सांगतात, वीस मिनिटांत बरं न वाटल्यास आणखी एकदा, आणि लगेच डॉक्टरांना फोन. तुमच्या मुलासाठीचं नेमकं माप डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं हवं. ग्लानीतल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. इथे साखर देताना आहार मोडेल म्हणून कचरू नका.

जुलाब-उलट्यांत पाणी आधी, गुणोत्तर नंतर. नेहमीच्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. किती आणि कोणतं द्यायचं हे फोनवर विचारा, पण मूल सुकत असेल तर वाट बघत बसू नका. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर मुलाच्या फाइलमध्ये एक कार्ड वरच ठेवा: 'हे मूल कीटोजेनिक आहारावर आहे. साखर कमी नसेल तर डेक्स्ट्रोज असलेलं सलाईन देऊ नये. साखर, बायकार्बोनेट आणि कीटोन तपासावेत.' डी-5 या साखरेच्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम डेक्स्ट्रोज असतं, आणि रात्रपाळीच्या नर्सने सवयीने तीच लावणं अगदी सहज घडतं. कार्डावर तुमच्या न्यूरोलॉजिस्टचा फोन नंबर हवा.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी काहीही होत नाही, उलट त्यात मोलाचा वेळ जातो. पाच मिनिटांत थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्या आणि 108 ला फोन करा. ज्यांच्याकडे हा स्प्रे नाही त्यांनी पुढच्या भेटीत तो मागून घ्या.

लोकं, शाळा, सणवार

मोजमाप आठवडाभरात हाताला बसतं. खरं अवघड आहे ते प्रेमाने खायला घालणाऱ्या माणसांना थांबवणं. आजीला नातवाच्या हातावर साखरफुटाणा ठेवायचा असतो, त्यात वाईट हेतू कुठला? म्हणून तिला बाहेर ठेवू नका, कामात घ्या. आमच्याकडे मी सासूबाईंना शांतपणे म्हटलं, "आई, तिच्या फिटच्या गोळ्या तुम्ही कधी चुकवू देत नाही ना? आता तिचं ताट हीच गोळी आहे. तूप तुम्ही मोजून द्याल का?" तेव्हापासून तुपाचा काटा त्यांच्या ताब्यात. पाहुण्यांना त्याच समजावून सांगत, आणि माझ्यापेक्षा ठामपणे.

गणपतीत मोदक, संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी. मुलाला यातलं काहीच नाही असं करू नका. ओलं खोबरं, क्रीम, तूप, वेलची आणि गोडीचे थेंब साच्यात दाबून फ्रिजमध्ये ठेवले की मोदक तयार होतो. तो त्या दिवसाच्या एका जेवणाच्या गणितात धरायचा एवढंच. प्रसाद हातावर घेऊन कपाळाला लावायचा आणि घरी बाबांना द्यायचा, हे चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. साबुदाण्याचा उपास मात्र नाही, त्यात नुसता स्टार्च असतो.

शाळेत वर्गशिक्षिकेला पत्र द्या, डॉक्टरांच्या सहीचं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: दुसऱ्याच्या डब्यातलं काही नाही, वाढदिवसाचं चॉकलेट नाही, आणि झटका आल्यास काय करायचं. वाढदिवसाला वाटलेल्या चॉकलेटऐवजी मुलाला स्टिकर किंवा पेन्सिल मिळावी म्हणून एक छोटी पेटी बाईंजवळ ठेवून द्या. डबा थंड झाल्यावर तूप थिजतं, त्यामुळे शाळेसाठी पनीर, बदाम-भाकरी, क्रीमचा घट्ट पदार्थ असंच काही द्या. भावंडांनी त्याच्यासमोर गोड खाऊ नये हे खरं, पण त्यांचं बालपणही कोरडं करू नका. त्यांचा खाऊ बाहेर, वेगळ्या वेळी.

महिने जातात तसं

बद्धकोष्ठता बऱ्याच मुलांना होते. पाणी भरपूर, मोजलेल्या हिरव्या भाज्या, साधं इसबगोल, लागलं तर डॉक्टरांकडून साखर नसलेलं रेचक. पाणी कमी पडलं तर मुतखड्याचीही भीती असते. लघवी लालसर झाली, पोटात किंवा कमरेत दुखलं तर लगेच दाखवा. काही डॉक्टर खडे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम सायट्रेट देतात. कोलेस्टेरॉल वाढणं, उंची हळू वाढणं, हाडं नाजूक होणं हे हळूहळू कळतं, म्हणून पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी, वजन आणि उंची. बाळांची तपासणी त्याहून वारंवार. मूल वाढतं तसे कॅलरींचे आकडे बदलायला हवेत. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर चालत राहू नका.

गुण आला तर आहार साधारण दोन वर्षं चालवतात, ग्लुट-1 मध्ये त्याहून पुष्कळ जास्त. बंद करताना दोन-तीन महिन्यांत पायरीपायरीने उतरायचं: 4:1 वरून 3:1, मग 2:1, मग कर्बोदकं थोडी थोडी वाढवत पोळी-भाताकडे. त्या काळात वही पुन्हा रोज, मिडाझोलामचा स्प्रे उशाशी, आणि बाहेरगावचे प्रवास शक्यतो टाळलेले बरे. मधल्या एखाद्या पायरीवर झटके परत आले तर पुढे रेटायचं नाही. डॉक्टरांशी बोलून, जिथे झटके नव्हते त्या आधीच्या गुणोत्तरावर परत यायचं आणि पुढची पायरी केव्हा उतरायची ते त्यांच्याकडून नव्याने ठरवून घ्यायचं.